नऊ बाटल्या हिरवं पाणी

या, जरा पुढे सरका. मागे भिंतीला टेकून बसलेत त्यांनीही यावं, इथे जागा आहे. आज तुम्हाला एका माणसाची, एका मोटारीची आणि एका झाकणाची गोष्ट सांगतो. युद्ध नाही, राजा नाही, राक्षसही नाही. पण माणूस एकदा हट्टाला पेटला की घरच्यांना राक्षसाची उणीव भासत नाही, एवढं आधीच सांगून ठेवतो.

माणूस म्हणजे ग्रंथपाल. वाचनालयात पंचवीस वर्षं काढलेली. पुस्तक हाती आलं की त्यावर क्रमांक घालायचा, चिठ्ठी डकवायची, नोंदवहीत लिहायचं. ही सवय हाडात इतकी मुरलेली की घरातल्या मिठाच्या बरणीवरही प्राप्तीची तारीख होती. बायको शाळेत गणित शिकवायची, त्यामुळे तिला या सगळ्याची मौज वाटे. निदान पहिली दहा वर्षं वाटली.

मोटार होती ग्रंथपालांच्या मामांची. मामा जाऊन वर्ष होत आलं होतं. मामी दोन गल्ल्या सोडून एकट्याच राहत. आता मुलगा त्यांना कायमचा आपल्याकडे न्यायला येणार होता. शुक्रवारी साडेअकराची आगगाडी. घर सोडायचं, म्हणजे शेडमधल्या मोटारीचंही काहीतरी करायला हवं. मुलाने फोनवर सरळ सांगितलं, "दादा, चालू स्थितीत असेल तर तूच ठेव. नसेल तर शुक्रवारी दहाला भंगारवाला येतोय. मला तिथून गाडीचं बघणं जमणार नाही रे."

त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं. पण मामींनी ग्रंथपालांना जवळ बसवून एवढंच म्हटलं, "राजा, तुझ्या मामांनी या गाडीतून आल्यागेल्या प्रत्येकाला स्टेशनवर सोडलं. मी नेहमी सोडायला जाणाऱ्यांत. मला कधी कुणी सोडलं नाही. एकदा मलाही या गाडीतून सोडशील?"

ग्रंथपाल म्हणाले, "मामी, शब्द दिला."

शब्द देणं सोपं असतं, श्रोतेहो. तो देताना इंजिनाचं झाकण उघडून बघायचं असतं, हे आपल्याला कुणी शिकवत नाही.

शनिवारी त्यांनी मोटार दोन गल्ल्या चालवत स्वतःच्या अंगणात आणली. धुतली, पुसली, आणि आता तेलही बघावं म्हणून तेल ओतायच्या नळीचं झाकण फिरवलं. झाकणाच्या आत दुधाच्या कॉफीवर यावा तसा फिकट, चिकट फेस. त्यांनी बोट लावलं. बोटाला पांढुरकं, तेलकट काहीतरी आलं.

इथे दोन शब्द इंजिनाबद्दल सांगायला हवेत. भिऊ नका, मलाही फारसं कळत नाही. साधारण मोटारीच्या इंजिनात पिस्टन वरखाली होतात. मामांची मोटार निराळी. तिच्यात पिस्टन नाहीतच. गाल फुगवलेल्या त्रिकोणासारखा एक लोखंडी गोळा आणि त्याचा एक जुळा भाऊ, दोघे आपापल्या लांबट पेटीत गरगर फिरत असतात. पेटी गार राहावी म्हणून तिच्या अंगातून हिरवं पाणी खेळतं, आणि गोळा सुरळीत फिरावा म्हणून तेल. पाणी आणि तेल शेजारी राहतात, मधे फक्त रबराची बारीक कडी. ती फाटली की पाणी नको तिथे शिरतं. तेलात शिरलं तर तेल दुधाळ होतं, आणि तशी गाडी चालवली तर आतले बेअरिंग खलास. मग कितीही शब्द दिलेला असो.

हे सगळं ग्रंथपालांनी त्याच संध्याकाळी वाचनालयातल्या एका जाड पुस्तकात वाचलं. पुस्तक मिटलं, एक नवी वही काढली आणि तिच्यावर लिहिलं: "रोगनिदान." खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली धुतली, रेडिएटरच्या खालची चिमुकली तोटी सोडून ती हिरव्या पाण्याने भरली आणि चिठ्ठी डकवली: "क्र. १. शनिवार सायंकाळ. मूळ स्थिती." बाटली गेली स्वयंपाकघराच्या खिडकीत.

बायकोने विचारलं, "हे काय?"

"पुरावा."

"खिडकी लागत नाहीये पुराव्याने."

"एका आठवड्याचा प्रश्न आहे," ग्रंथपाल म्हणाले. आवाजात असा निर्धार होता की गणिताच्या बाईंनी पुढे विचारलं नाही.

रविवारी सकाळी त्यांनी रेडिएटरचं झाकण काढून आत पोलादी पट्टी घातली. शनिवारी पाणी काठोकाठ होतं. आज अर्धं बोट खाली! त्यांनी लगेच वहीत नोंद केली. तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर खाली उतरले. या गृहस्थांनी चाळीस वर्षं लोकांची पत्रं पोचवली होती, आणि आता पत्रं नसल्यामुळे मतं पोचवत असत.

"काल तुम्ही गाडी आणलीत तेव्हा मागून पांढरा धूर आला. मी गॅलरीतून पाहिलं," पोस्टमास्तर म्हणाले. "मी तेव्हाच हिला म्हटलं, पाणी जळतंय."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही विचारलं नाहीत. मला एक बाटली द्या या पाण्याची. माझा साडू साखर कारखान्यात केमिस्ट होता."

"होता म्हणजे?"

"आता बाग करतो. पण दृष्टी तीच आहे."

क्रमांक दोन भरला. मागोमाग समोरच्या घरातले दातांचे डॉक्टर आले. त्यांनी झाकणावरचा फेस भिंगाखाली पाहिला, "हं" म्हणाले, आणि झाकणाला सवयीने विचारलं, "दुखतं का कधी गार-गरम लागलं की?" मग भानावर येऊन, "पाण्यात तेलाचे कण आहेत का ते माझ्या सूक्ष्मदर्शकाखाली बघतो, एक बाटली द्या," म्हणाले. क्रमांक तीन.

सोमवारी सकाळी पट्टी बुडवली. दीड बोट खाली. ग्रंथपालांनी आपली शिस्त वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवली होती: "आधी माप, मग नमुना." शास्त्र म्हणजे शास्त्र. माप घेतलं, आणि मग तुलनेसाठी क्रमांक चार भरून ठेवला.

"अहो, माझ्या सगळ्या बाटल्या संपल्या," बायको म्हणाली. "कुणाला खोकला झाला तर औषध ओंजळीत आणायचं का?"

"गाडीचा जीव टांगणीला लागलाय आणि तू बाटल्यांचं काय घेऊन बसलीस!"

"गाडीचा जीव नव्हे. मामींना दिलेला शब्द."

ग्रंथपालांनी वही मिटली, कारण ते खरं होतं. देव माणसाला बायको देतो ती उगाच नाही देत.

मंगळवारी त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि तेल व द्रव तपासणीच्या सरकारी प्रयोगशाळेत गेले. नमुना तीन प्रतींत लागतो हे त्यांनी सोमवारीच फोनवर विचारून ठेवलं होतं, प्रत्येकी अर्धा लिटर. कागद तीन प्रतींत लागतो हे आपण समजू शकतो. पाणी तीन प्रतींत का लागावं, हे प्रभूलाच ठाऊक. सोमवारी संध्याकाळी तोटी बराच वेळ चालू होती. क्रमांक पाच, सहा आणि सात, लाखेने बंद केलेले, पिशवीत घालून ते रांगेत उभे राहिले.

खिडकीतल्या कारकुनाने अर्ज पाहिला. "रकाना नऊ. पिस्टनची संख्या. इथे शून्य का लिहिलंय?"

"कारण पिस्टन नाहीत."

"काढलेत?"

"नव्हतेच."

कारकुनाने चष्मा वर सरकवला. "साहेब, मोटार आहे ना?"

"आहे."

"चालते?"

"चालायची. तिच्यात त्रिकोणी गोळे फिरतात." ग्रंथपालांनी हवेत बोटाने त्रिकोण काढून फिरवून दाखवला. रांगेतला मागचा माणूस दोन पावलं मागे सरकला.

कारकून आत गेला आणि मोठ्या साहेबांना विचारून आला. "साहेब म्हणतात शून्य चालणार नाही. पिस्टन नसतील तर ते हरवले असं धरावं लागेल. पोलिसांकडून पिस्टन हरवल्याचा दाखला आणा."

"जी वस्तू कधी नव्हतीच ती हरवल्याचा दाखला मला कोण देईल?"

"तो तुमचा आणि पोलिसांचा प्रश्न. आणि दाखला आणलात तरी अहवाल पंचेचाळीस दिवसांनी. कामाच्या दिवसांनी."

पंचवीस वर्षं लोकांना "पुस्तक बाहेर गेलंय, पुढच्या महिन्यात या," असं गोड आवाजात सांगणाऱ्या माणसाला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं की त्या आवाजाच्या पलीकडच्या बाजूला उभं राहिलं की कसं वाटतं. त्यांनी मनातल्या मनात सगळ्या वाचकांची क्षमा मागितली, तीनही बाटल्या उचलल्या आणि ताठ मानेने बाहेर पडले. पायरीवर पिशवीचा बंद तुटला, तिन्ही बाटल्या गडगडत गेल्या, आणि "रोगनिदान" वही हातात घेतलेला एक प्रौढ गृहस्थ वाहनतळात हिरव्या बाटल्यांमागे धावताना लोकांनी पाहिला. फुटली एकही नाही. लाख चांगली होती.

त्या दिवशीची वहीतली नोंद वाचवत नाही. "मंगळवार सकाळ: कालपेक्षा एकदम चार बोटं खाली. रोग बळावला."

बुधवारी ते वस्तादांकडे गेले. वस्ताद म्हणजे स्टेशनपलीकडच्या गॅरेजचे मालक. असली फिरकी इंजिनं हाताळलेला तेवढाच एक माणूस. एरवी दोन-दोन महिने भेट मिळत नसे. पण मामांची गाडी म्हटल्यावर त्यांनी हात पुसून स्टूल पुढे केलं. ग्रंथपालांनी आधी पिशवीतून क्रमांक आठ काढून समोर ठेवला.

"हे काय, सरबत?"

"आज सकाळचा नमुना. माप घेऊन मग काढला."

"मला याचं काय करायचंय? ठेवा परत पिशवीत. नीट सांगा, होतंय काय?"

"झाकणावर पांढरा फेस. सुरू करताना पांढरा धूर. आणि पाणी रोज कमी होतंय. खाली जमिनीवर थेंब नाही."

वस्तादांनी तिन्ही गोष्टी बोटांवर मोजल्या. "पहिल्या दोन गोष्टींना शंभर कारणं असतात. पण पाणी रोज घटतंय आणि बाहेर गळत नाही, म्हणजे आत जातंय. आतली कडी गेली असणार. इंजिन खाली उतरवून उघडायचं. तीन आठवडे धरा."

"माझ्याकडे परवापर्यंतचा वेळ आहे."

"मग गाडी सुरू करू नका. आहे तशी भंगारात गेली तरी चालेल, पण अशी चालवून मारू नका. तुमच्या मामांचा जीव होता तिच्यावर."

दुसरा कुणी असता तर इथे हरला असता. ग्रंथपालांनी विचारलं, "कडी खरंच गेली आहे हे उघडल्याशिवाय कळायचा काही मार्ग?"

वस्तादांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि फळीवरून एक हातपंप काढला. त्याला घड्याळासारखी तबकडी होती. "रेडिएटरच्या तोंडावर हा बसवा. काटा या खुणेपर्यंत येईल इतका दाब भरा आणि बसून राहा. काटा खाली आला, तर कुठेतरी फटीतून पाणी जातंय. हलला नाही, तर…" ते हसले. "तर मला बोलवा. मला बघायचंय ते. नाहीतरी उद्या पंप न्यायला येईनच."

गुरुवारी सकाळी ग्रंथपालांनी माप घेतलं, शेवटचा क्रमांक नऊ भरला आणि पंप बसवला. खुर्ची टाकून ते काट्यासमोर बसले. एरवी कीर्तनात रात्र रात्र बसणारा माणूस. समोर बुवांऐवजी तबकडी होती इतकंच. अर्धा तास झाला. काटा तसाच. पोस्टमास्तर वरून म्हणाले, "तबकडी बिघडलेली असणार." तास झाला. दातांचे डॉक्टर येऊन म्हणाले, "बाटली परत आणलीय. पाण्यात तेलाचा कण नाही. पण पाणी आहे, हे नक्की." दोन तास झाले. काटा कणभरसुद्धा हलला नव्हता.

आता काय म्हणावं? दाब टिकतोय म्हणजे फट नाही. फट नाही तर रोज पाणी जातंय कुठे? ग्रंथपालांनी वही उघडली. शनिवारपासूनची मापं पाठ झाली होती तरी पुन्हा वाचली. पाचव्यांदा वाचली. माणसाला आपलंच अक्षर कधी कधी परकं वाटतं.

दुपारी वस्ताद आले, आणि त्यांच्यामागोमाग मामीही आल्या. त्यांची एक पेटी भरून झाली होती. काही न विचारता त्या मोटारीच्या पुढच्या दिव्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. ग्रंथपालांना त्यांच्याकडे बघवेना.

"काटा हललेला नाही," वस्ताद तबकडी न्याहाळत म्हणाले. "दोन तास? मग कडी शाबूत आहे. पण पाणी घटतंय म्हणता."

"एकंदर सहा बोटं. नोंद आहे."

इतक्यात स्वयंपाकघराच्या दारातून बायको बाहेर आली. हातात मोठं ताट होतं, आणि ताटात पोस्टमास्तरांकडून आणि डॉक्टरांकडून परत आलेल्या धरून ओळीने नऊ बाटल्या. सगळ्या चिठ्ठ्या समोरच्या बाजूला.

"खिडकी पुसायची होती मला," ती म्हणाली. "वस्ताद, जरा तो पंप काढता का? आणि एक नरसाळं द्या."

"काय करतेस?" ग्रंथपाल ओरडले. "पुरावा आहे तो!"

"पुरावाच मांडतेय." तिने क्रमांक एकचं बूच काढलं आणि बाटली नरसाळ्यात ओतली. मग दोन. मग तीन. मोठ्या बाटल्यांवरची लाख वस्तादांनी पान्याने फोडून दिली. पोस्टमास्तर गॅलरीतून अर्धे बाहेर आले होते. नववी बाटली रिकामी झाली आणि हिरवं पाणी काठाला येऊन थांबलं. वर एक थेंब नाही, खाली एक थेंब नाही.

"शनिवारच्या मापाला आलं की नाही, बघा बरं पट्टी घालून," गणिताच्या बाई म्हणाल्या.

श्रोतेहो, अशा वेळी माणसाने कुठे बघावं याची शास्त्रात कुठेही सोय नाही. ग्रंथपालांनी आकाशाकडे पाहिलं, मग चपलांकडे. पोस्टमास्तर वरून म्हणाले, "मला पहिल्याच दिवशी वाटलं होतं," आणि आत गेले. वस्ताद पाठ फिरवून पान्याशी काहीतरी करत होते. त्यांचे खांदे हलत होते.

शेवटी ग्रंथपालांनी पेन्सिल काढली, वही उघडली आणि सुंदर अक्षरात शेवटची नोंद केली: "पाणी घटण्याचे कारण: संशोधक."

"मग आधीच का बोलली नाहीस?" त्यांनी हळूच विचारलं.

"आज सकाळी नववी भरलीत तेव्हा माझ्या डोक्यात आलं. आणि मी तेव्हा बोलायला आलेच होते. तुम्ही म्हणालात, काट्याकडे बघतोय, बोलू नकोस."

पण फेस उरलाच होता. ग्रंथपालांनी मान वर केली. इतका मार खाल्ल्यावरही मान वर करणारा माणूस मला आवडतो. "वस्ताद, पाण्याचं झालं. पण तो फेस कल्पनेतला नाही. तो मी पाण्यात हात घालण्याआधीचा आहे."

"बरोबर," वस्ताद म्हणाले. त्यांनी तेल मोजायची सळई ओढून काढली आणि उन्हात धरली. तेल स्वच्छ तपकिरी होतं. बोटावर घेऊन चोळलं. "हे बघा, खाली तेलात पाणी नाही. पाणी मिसळलं असतं तर इथेही दूध झालं असतं. फेस फक्त वर झाकणाला आहे. ही नळी लांब आणि गार असते. इंजिन जरासं कोमट केलं आणि बंद केलं की आतली वाफ इथवर येते आणि थिजते. पूर्ण तापलं तर उडून जाते. धुराचं तेच. तो धूर नव्हेच, वाफ आहे. पण हे एकदा-दोनदा केल्याने एवढं होत नाही. रोज कुणी थोडी थोडी चालू करतं का ही गाडी?"

"मी," मामी म्हणाल्या.

सगळे वळले.

"तुला चालवता येत नाही ना, मामी?" ग्रंथपालांनी विचारलं.

"नाही रे येत. पण किल्ली फिरवताना मी यांना तीस वर्षं पाहिलंय. हे म्हणायचे, गाडी नुसती उभी राहिली की मरते. दर रविवारी लांब जाऊन यायचे. मला ते कुठलं जमणार? म्हणून रोज सकाळी पूजा झाली की शेडमध्ये जाऊन बसायची, पाच मिनिटं चालू ठेवायची, आवाज ऐकायची आणि बंद करायची. एक दिवस चुकवला नाही." त्यांनी झाकणाकडे पाहिलं. "माझ्यामुळेच बिघडली का?"

वस्तादांनी हातातला पाना खाली ठेवला. "मामी, वर्षभर उभी राहिली असती तर आत सगळं गंजून चिकटलं असतं. मग मी काय, कुणीही काही करू शकलं नसतं. तुम्ही तिला जिवंत ठेवलीत. हा फेस म्हणजे तुमच्या पाच मिनिटांचा जमाखर्च समजा. उद्या तिला तासभर मोकळी पळवा, जाईल."

शुक्रवारी पावणेदहालाच भंगारवाला साखळ्या घेऊन दाराशी आला. ग्रंथपाल चालकाच्या जागी बसले होते, दोन्ही हात चक्रावर, वेढा फोडायला निघालेल्या सेनापतीसारखे. मागे बायको आणि पेट्या, शेजारी मामी. मामींचा मुलगा टॅक्सीने पुढे गेला होता; जाताना म्हणाला, "दादा, वाटेत बंद पडली तर फोन कर." यात त्याचा विश्वास किती होता आणि काळजी किती, हे वेगळं काढता येत नव्हतं.

"चालते का?" भंगारवाल्याने विचारलं.

"तुमचा टेम्पो जरा बाजूला घ्या, म्हणजे दाखवतो."

किल्ली मामींनी फिरवली. इंजिनाने दोनदा घसा खाकरला आणि मग असा गोड, सलग गुणगुणाट लावला की भंगारवालाही साखळी खाली ठेवून ऐकत राहिला. पांढरी वाफ आली. पोस्टमास्तर गॅलरीतून ओरडले, "पाणी जळतंय!" पण हात मात्र निरोपाचा हलवत होते.

स्टेशन दहा मिनिटांवर. ग्रंथपालांनी गाडी तिकडे वळवलीच नाही. बाहेरचा मोठा रस्ता धरला, तळ्याला पूर्ण वळसा घातला, चढ चढले, उतरले. तापमानाचा काटा मधोमध येऊन स्थिर झाला. आठवडाभर काट्यांकडे बघून शिणलेल्या माणसाने त्याच्याकडे एकदाच पाहिलं आणि मग रस्त्याकडे पाहिलं. वाफ केव्हाच थांबली होती. मामींनी काच खाली केली. वाऱ्याने केस उडत होते, आणि त्या ते बसवत नव्हत्या.

"मामा असेच जायचे का दर रविवारी?" बायकोने मागून विचारलं.

"असंच," मामी म्हणाल्या. "बोलवायचे मलाही. मी म्हणायची, स्वयंपाक कोण करेल?"

स्टेशनबाहेर गाडी थांबवून ग्रंथपालांनी बॉनेट उचललं आणि फडक्याने धरून तेलाच्या नळीचं झाकण फिरवलं. आत तेलाची पातळ तपकिरी चकाकी होती, आणि काठाशी फेसाची नखाएवढी पांढरी कोर. फडकं पुढे करून ती पुसणार, तोच मामींनी त्यांचा हात धरला.

"राहू दे तेवढी. पुढच्या रविवारी जाईल."

मग त्यांनी किल्ली ग्रंथपालांच्या तळहातावर ठेवली, बोटं मिटवली आणि मुलाच्या हातात हात देऊन फलाटाकडे गेल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना सोडायला कुणीतरी आलं होतं.

ग्रंथपाल आता दर रविवारी तासभर जातात. बायकोही जाते, स्वयंपाक परत आल्यावर होतो. ती नऊ रिकाम्या बाटल्यांची रांग आजही खिडकीत आहे, आणि खिडकी अजून लागत नाही.

झालं, गोष्ट एवढीच. जाताना एक मागणं आहे. उद्या सकाळी कुठे शेजारी एखादी गाडी उगाच पाच मिनिटं सुरू राहिली आणि बंद झाली, तर चिडू नका. जे जमत नाही त्यातलं जमेल तेवढं रोज न चुकता करणाऱ्या आमच्या मामींची तेवढी आठवण काढा.